कडू काढा आणि बंद खोली

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून न्हाणे झाले, की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचे आणि त्याचा रस जिभेला लावायचा, ही आमच्या घरची जुनी चाल. तुळस आता भाईंदरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एका कुंडीत आली आहे आणि कारीटही बाजारातून विकत आणावे लागते; पण चाल काही मोडलेली नाही. आमची आजी म्हणायची, “वर्षाचं कडू आजच खाऊन टाका रे, मग वर्षभर गोड.” मुले तोंडे वाकडी करीत, आणि थोरांनाही ती चुकत नसत.

गेल्या दिवाळीत मात्र एकाने तोंड वाकडे केले नाही. माझ्या भाच्याने. त्याने रस चाटला आणि म्हणाला, “मामा, हे तर सरबत आहे!” घरात हशा पिकला. हसली नाही ती फक्त माझी धाकटी बहीण, त्याची आई. कारण पोराच्या जिभेला ही सवय तिनेच लावलेली होती. श्रावणापासून अडीच महिने ती त्याला सकाळ-संध्याकाळ भुईआवळीचा काढा पाजत होती, आणि दिवाळीच्या चारच दिवस आधी त्याच्या रक्ताचा जो कागद आला होता, तो काही केल्या तिला पटत नव्हता.

ही हकीकत नीट सांगायची, तर आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. भाईंदर पुष्कळांना ठाऊक असते ते लोकलच्या डब्यात बसू न देणारे स्टेशन म्हणून! पण तुमच्या घरी यंदा चकल्यांचा जो स्टीलचा डबा भरला असेल, तो आमच्याच गावच्या एखाद्या गाळ्यातून आला असण्याचा बराच संभव आहे. एका बाजूला मिठागरे, पलीकडे उत्तनचे कोळीवाडे आणि पूर्वेला हे भांड्यांचे कारखाने, असे हे गाव. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. पण पूर्वेच्या त्या औद्योगिक वसाहतींतून फिरू लागलात, तर प्रेसचा तोच ठोका आणि पॉलिशची तीच काळी धूळ.

माझा भाचा अशाच एका गाळ्यात कामाला आहे. वय एकतीस. पत्रा प्रेसखाली जाताना त्याला तेल लावावे लागते, आणि पुढे पॉलिशला जाण्याआधी ते तेल काढावे लागते. हे तेल काढण्याचे काम त्याच्याकडे. एका टाकीत पातळ द्रव असतो, त्यात माल बुचकळायचा, की तेल क्षणात जाते आणि माल लगेच सुकतो. पाणी नको, पुसणे नको. गाळ्यात सगळे त्या द्रवाला नुसते ‘केमिकल’ म्हणतात.

गेल्या वर्षी आषाढात त्याची भूक गेली. जेवणाकडे पाहिले की मळमळायचे, जिना चढला की थकायचा. श्रावणात रक्त तपासले तेव्हा एसजीपीटी १८६ निघाले. हा यकृताच्या पेशींतला पदार्थ आहे. पेशी दुखावल्या की तो रक्तात पाझरतो. निरोगी माणसात तो साधारण चाळिसाच्या आत असतो. काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या झाल्या, एकही निघाली नाही. पोरगा दारूच्या थेंबाला शिवत नाही. डॉक्टरांनी काय काम करता म्हणून विचारले, तर हा म्हणाला, “स्टीलच्या कारखान्यात आहे.” त्यांनी ते लिहून घेतले आणि विश्रांती सांगितली. तीन आठवडे, गणपती धरून, तो घरी राहिला.

आता आपल्याकडे यकृताचे दुखणे आले, की इमारतीतला प्रत्येक माणूस वैद्य होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुनर्नवेची माळ सुचवली. ती गळ्यात घातली, की कावीळ उतरेल तशी लांब होत जाते. (ओल्या देठांचे तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. कावीळ नसलेल्याच्या गळ्यातही ती तितकीच लांबते.) कुणी कडू दोडकीच्या रसाचे थेंब नाकात घालायला सांगितले, म्हणजे पिवळे पाणी वाहून जाते. त्या तिखटजाळ रसाने नाकातली त्वचा चिडते आणि पाणी वाहते, एवढाच त्यातला अर्थ. त्याने माणसाचे नाक मात्र जन्माचे बिघडू शकते. चुन्याच्या पाण्यात हात धुववून पिवळे पाणी काढून दाखवणारेही आहेत. या साऱ्यांना यश येते, याचे कारण इतकेच की आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातल्या विषाणूंची असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. ज्याच्या दारी रुग्ण तेव्हा बसलेला असेल, त्याच्या पदरात श्रेय पडते.

बहिणीने यांतले काही केले नाही, हे तिचे शहाणपण. तिने आईची भुईआवळी धरली. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेने, वीटभर उंचीचे हे रोप उगवते. पानांच्या पाठीशी ओळीने मोहरीएवढे आवळे लागतात. उत्तनकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईने तिला जुडी आणून द्यायचे कबूल केले. मग ते वाटणे, उकळणे, गाळणे. तीन आठवड्यांनी रक्त तपासले, तो एसजीपीटी ६२! बहिणीने पेढे वाटले. मला म्हणाली, “दादा, तू आयुष्यभर त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्यास. बघ, आपल्या आईच्या औषधाचा गुण!”

बाटल्या धुतल्या हे खरेच. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे काढली. म्हणून मी तिला हसलो नाही, उलट वाचायला बसलो. आणि वाचकहो, मला कबूल केले पाहिजे, की या कडू वनस्पतींविषयी आमच्यासारखे लोक जितक्या सहज नाक मुरडतात, तितकी ती गोष्ट पोकळ नाही.

भुईआवळीचेच घ्या. हेपटायटिस-बी या काविळीचा विषाणू शोधणारे बारुख ब्लूमबर्ग, ज्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी मद्रासच्या त्यागराजन यांच्यासह या रोपाचा अभ्यास केला. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला: हा विषाणू अंगात बाळगणाऱ्या ३७ जणांना तीस दिवस भुईआवळीची पूड दिली, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नुसत्या लटक्या गोळ्या घेणाऱ्या २३ जणांत हे एकाच्याच बाबतीत घडले. जगभर डंका वाजला. पुढे थायलंडमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग करून पाहिला, तर तसे काही आढळले नाही. रोपाची जात वेगळी होती, माती वेगळी होती, की पहिलाच आकडा दैवाचा होता, यावर विद्वान भांडत राहिले.

कुटकीची गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. हिचे मूळ हिमालयातून येते, आणि चव अशी, की कारीट तिच्यापुढे खरेच सरबत. आपल्या आरोग्यवर्धिनी गोळीत निम्मा वाटा हिचाच. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आदी मुंबईच्या संशोधकांनी हिच्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९९६ साली आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापले. विषाणूंच्या काविळीचे ३३ रुग्ण. पंधरांना कुटकीची पूड, अठरांना लटकी पूड, आणि कुणाला काय दिले हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. रक्तातले पित्त ठराविक पातळीपर्यंत उतरायला लटकी पूड घेणाऱ्यांना सरासरी ७५.९ दिवस लागले, कुटकीवाल्यांना २७.४४. रुग्ण थोडे आहेत, पण प्रयोग सचोटीचा आहे. मला यात सर्वांत मोलाचे वाटतात ते अठरा लोक. त्यांना औषध नव्हते, तरी तेही बरे होत गेले. ते नसते, तर कुटकीने किती काम केले हे कळलेच नसते. आमच्या बहिणीच्या पेढ्यांत हे अठरा लोक नव्हते.

पण भाच्याला विषाणूंची कावीळ नव्हतीच. तेव्हा रसायनांपासून यकृताला वनस्पती वाचवते का, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर शोधताना मला माझी जुनी ओळखीची बाटली भेटली. कार्बन टेट्राक्लोराइड! आमच्या कपाटात खालच्या खणात ती असे. गोडसर वास, पाण्यासारखा द्रव, तेलाचा डाग चुटकीसरशी घालवणारा. एके काळी कपडे धुणाऱ्या लाँड्र्यांत आणि आगीच्या नळकांड्यांत तो सर्रास असे. पोटातल्या आकड्यांच्या जंतांवर औषध म्हणूनही १९२० नंतरच्या काळात तो लोकांना पाजला गेला आहे. मीसुद्धा पत्नीच्या लग्नातल्या शालूवरचा तुपाचा डाग त्यानेच काढला होता, खिडकी लावून घेऊन, लोकांना दिसू नये म्हणून! पुढे तो ओझोनचा थर खातो असे ठरले आणि २०१० पासून आपल्याकडे त्याचे असे उपयोग बंद झाले. प्रयोगशाळांतल्या उंदरांच्या नशिबातून मात्र तो गेला नाही. कोणत्याही वनस्पतीचा अर्क यकृताला राखतो की नाही हे पाहायचे, तर जगभर आधी उंदराला हा द्रव देऊन पाहतात.

याचे कारण फार विलक्षण आहे. हा द्रव स्वतः तितका जहाल नसतो. त्याला जहाल करते ते आपले यकृतच. बाहेरचा कोणताही पदार्थ आला, की यकृतातली विकरे त्याची मोडतोड करायला घेतात, आणि ही मोडतोड करताना या द्रवातून एक तुटका, पिसाळलेला तुकडा निघतो. तो पेशीच्या भिंतीतल्या स्निग्धावर तुटून पडतो, तिथून पुढच्यावर, असे लोण पसरत जाते. घरच्या माणसाने चोराला ओळखीचा समजून आत घ्यावे, पाट मांडावा, आणि त्याने पाटावरूनच सुरी काढावी, तसा प्रकार. रोज दारू पिणाऱ्याच्या यकृतात हेच विकर अधिक असते, म्हणून त्याला हा द्रव अधिक बाधतो. कुटकी, भुईआवळी, माका, आपले हिरवे किराईत, यांतल्या पुष्कळांचे अर्क उंदराला दिले, तर एसजीपीटी कमी चढते, पेशी कमी मरतात, हे एकदा नव्हे, शेकडो वेळा छापून आलेले आहे. कुणी त्या पिसाळलेल्या तुकड्याला आवरतो, कुणी त्या विकराचाच हात धरतो.

हे वाचून मी बहिणीला शाबासकी द्यायला निघालोच होतो. इतक्यात एक बारीकशी गोष्ट डोळ्यांत भरली. यांतल्या बहुतेक प्रयोगांत उंदराला अर्क आधी देतात, कित्येकदा सात-सात दिवस. विष मागाहून, बहुधा एकदा किंवा मोजक्याच वेळा, तेही ठरल्या मापाने. विषाचा दिवस संपला, की उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात परत. रोज सकाळी साडेआठला त्याला विषाच्या खोलीत नेऊन संध्याकाळी सातला बाहेर काढत नाहीत.

आणि आमचे काय चालले होते? गणपतीनंतर भाचा कामावर गेला. काढा चालूच होता, बहिणीने एक वेळ चुकवली नाही. दिवाळीआधी रक्त तपासले, तो आकडा १७१.

मी ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळ पाहत बसलो. ६२ आला तेव्हाही काढा होता. १७१ आला तेव्हाही काढा होता. भाजीवाली तीच, जुडी तीच, गाळणारे हात तेच. बदलले होते ते एवढेच, की पहिल्या वेळी पोरगा घरी होता आणि दुसऱ्या वेळी गाळ्यात. बहीण म्हणे, भुईआवळीत आता जोर राहिला नाही, पाऊस संपला की ती उतरते; आता कुटकी आणूया. इतक्यात वाळत घातलेला त्याचा कामाचा सदरा मी घडी घालायला घेतला आणि मला तीस वर्षांपूर्वीचे कपाट आठवले. धुऊनही त्याला तो गोडसर वास होता. अगदी तोच नव्हे, पण त्याच्या सख्ख्या भावाचा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेलो. मालक मला ‘काका’ म्हणतात, माणूस भला आहे. पिंपावरचा कागद तेलाने पुसट झालेला. पण ट्रायक्लोरोएथिलीन एवढी अक्षरे लागली. हा कार्बन टेट्राक्लोराइडच्याच कुळातला. यकृताला बाधतो हे फार जुने ज्ञान, आणि २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. खोली दहा बाय बाराची. खिडकी बंद, कारण पॉलिशची धूळ आत येऊन माल खराब होतो. हवेसाठी म्हणून छताशी पंखा बसवलेला. मी मालकांना म्हटले, “हा पंखा वरची हवा फेकतो, आणि याची वाफ हवेच्या साडेचार पट जड. ती टाकीच्या काठावरून उतरून खाली, माल बुचकळायला वाकणाऱ्याच्या तोंडाशी साचते.” ते म्हणाले, “काका, वास तर काही येत नाही.” खरेच होते. रोज घेतलेल्या वासाला नाक कंटाळते.

१९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, त्यात मालकाने आणि डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांची यादी होती. त्यांत ‘विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ’ हा रोग स्पष्ट नोंदलेला होता. म्हणजे जाणत्यांना ही गोष्ट तेव्हापासून ठाऊक आहे. पण लहानसहान गाळे कायद्याच्या चाळणीतून अलगद खाली पडतात, आणि पडलेल्याला उचलायला कुणी वाकत नाही.

मी फक्त एकच मागणी केली: खोलीत काम करणाऱ्या चारही जणांचे रक्त तपासा. दोघांचे आकडे चढलेले निघाले. तरी मालकांचा जीव होईना. मग त्यांनी सहज म्हणून स्वतःचे तपासले; त्यांची केबिन त्या खोलीला लागून, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. आकडा ७४! त्यानंतर मात्र गोष्टी झपाट्याने झाल्या. टाकी गेली. आता गरम पाण्यात क्षाराची पूड घालून माल धुतात. वेळ जास्त लागतो, सुकवायला माणूस लागतो, आणि मालक दर भेटीत ते मला ऐकवतात.

भाच्याचा आकडा जानेवारीत ५१ झाला, गुढीपाडव्याला ३६. काढा? तो चालूच होता! तेव्हा भुईआवळीने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. केले असेल. युरोपात जांभळ्या फुलांच्या एका काटेरी झाडाच्या, मिल्क थिसलच्या, बियांतून १९६८च्या सुमारास जर्मनांनी असेच एक द्रव्य काढले आणि विषारी अळंबी खाल्लेल्यांना ते शिरेतून देतात. ते अळंबीच्या विषाला यकृताच्या पेशीत शिरायची वाटच अडवते. वनस्पतीत सामर्थ्य असते, यात मला शंका नाही.

शंका आहे ती ‘झाडपाल्याने अपाय तरी होत नाही ना’ या आपल्या लाडक्या वाक्याची. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आमच्या इमारतीत घरोघर गुळवेल उकळत होती. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची हकीकत छापली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यावर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल लोकांनी खाल्ली असावी, असे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांतले असे ४३ रुग्ण नोंदले गेले. वेल खरी की तोतया, हा वाद बाजूला ठेवला, तरी आमच्या बहिणीला ती भाजीवाली जी जुडी देते, तिच्यातही दोन-तीन जातींची रोपे मी स्वतः वेचून दाखवली आहेत. आणि कुटकी, आरोग्यवर्धिनी या तर शिकलेल्या वैद्याला विचारून घ्यायच्या गोष्टी. त्या गोळीत पाराही असतो, हे पुष्कळांच्या गावी नसते.

मी हे सारे बहिणीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादा, तुझी खिडकी खरी. पण आई म्हणून माझ्या हातात काढाच होता ना.” यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. यंदा पावसाळ्यात तिने पुन्हा भुईआवळी वाळवून ठेवली आहे, आता मात्र एकेक काडी पारखून. दर तीन महिन्यांनी भाच्याचे रक्तही तीच आठवणीने तपासायला लावते.

परवा दसऱ्याला मालकांनी गाळ्यातल्या प्रत्येकाला एकेक मोठा स्टीलचा डबा भेट दिला. भाच्याने तो आणून ओट्यावर ठेवला. बहिणीने झाकण काढले, आधी डबा नाकाशी नेला, बराच वेळ हुंगला, मग गरम पाण्याने दोनदा धुऊन गॅलरीत उन्हात पालथा घातला. चिवडा त्यात भरायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही.